सारख्या पट्ट्यांची गिटार

चन्नवीर तोळणुरेच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी कुठं बसू नये ते सांगावं लागे. घडीची बाज चन्नवीरनं स्वतः केलेली होती, आणि ती एकदा अक्कलकोटच्या व्याह्यांसकट मिटली होती. दाराचं लाकडी कुलूपही त्याचंच. ते उघडायची युक्ती फक्त त्याला ठाऊक होती, त्यामुळे तो गिरणीत असताना दार लागलं तर त्याची बायको रत्नम्मा भोंगा होईपर्यंत ओट्यावर बसून राही. उंदराचा सापळा तर इतका ऐसपैस झाला होता की त्यात एका उंदरिणीनं पिल्लं घातली होती. पण बाजारातून आणलेल्या वस्तूवर चन्नवीरचा जीव बसत नसे, त्याला काय करणार?

हे झालं हौसेचं. पोटासाठी तो सोलापुरातल्या एका गिरणीच्या सुतारखात्यात होता आणि सुट्टीच्या दिवशी साखर पेठेतल्या हातमागवाल्यांना फण्या करून देई. फणी म्हणजे मागावरची लांबट चौकट. तिच्या दातांमधून उभे धागे ओवलेले असतात. दात सारख्या अंतरावर नसले तर लुगडंभर पट्टा उमटतो आणि विणकर कपाळाला हात लावतो. चन्नवीरच्या फणीनं असा पट्टा कधी उमटवला नाही. दोन दातांत केसभर फरक निघाला तर मिशी उतरवीन असं तो पेठेत सांगे, आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीही मिशी शाबूत होती.

रत्नम्माचे कान गेले होते. सहा वर्षांपूर्वी तिला ताप आला, दोन्ही कान फुटले, चार महिने वाहिले, आणि वाहायचे थांबले तेव्हा कानाशी ओरडल्याशिवाय तिला काही ऐकू येईना. ती स्वतः याची मजाच करी. शेजारच्या गोजाबाईचं भांडण ऐकायला लागत नाही हे काय कमी झालं, म्हणे. समोरचा काय बोलतोय ते ती ओठांवरून ओळखी, आणि ओळखलेलं न ओळखल्यासारखं दाखवण्यातही तिचा हातखंडा होता. फक्त एका गोष्टीची मजा तिला करता येत नसे. ताप येण्याआधी ती गायची. मठातली आरती असो की कुणाच्या घरचा पाळणा, रत्नम्मानं सूर धरल्याशिवाय बायका तोंड उघडत नसत. कान गेल्यावर ती एका बारशाला गेली, सवयीनं गायला लागली, आणि तिसऱ्या ओळीला तिला समोरच्या पोरी पदर तोंडाला लावून हसताना दिसल्या. ती तिथंच थांबली. त्याला पाच वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत ती घरातसुद्धा कधी गुणगुणली नाही.

आणि आता, सन चौतीसच्या उन्हाळ्यात, थोरली लेक सुंदरम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रत्नम्माच्या माहेराकडून चालत आलेली रीत अशी की तेराव्या दिवशी बाळ पाळण्यात घातलं की आईच्या आईनं जोगुळ म्हणायचं. जोगुळ म्हणजे कानडी पाळणा. त्याची सात कडवी, सातव्यात बाळाचं नाव येतं, आणि ते आलं की आत्यानं तेच नाव बाळाच्या कानात सांगायचं. लेक आल्याआल्याच रत्नम्मानं तिला सांगून टाकलं, की जोगुळ गोजाबाई म्हणेल. गोजाबाई धनगराची, तिला कानडीचा गंध नाही आणि तिचा आवाज चढला की तिच्या स्वतःच्या शेळ्या दावी ओढत. सुंदरम्मा दोन दिवस जेवली नाही. चन्नवीरनं बायकोची समजूत घातली, पण ती त्याच्या ओठांकडे बघेचना, आणि जी बघत नाही तिला समजावणार कसं?

गिटार घरात आली ती मात्र केवळ योगायोगानं. स्टेशनाजवळ रेल्वेच्या चाळीत एक गोव्याकडचे गार्डसाहेब राहत. त्यांच्या गिटारीची एक खुंटी मोडली होती. गिरणीतला सुतार बारीक काम करतो असं कळल्यावर ते ती चन्नवीरकडे टाकून आठवडाभर वाडी जंक्शनच्या गाडीवर निघून गेले. गल्लीत कुणी असलं वाद्य पाहिलं नव्हतं. कोपऱ्यावर पिठाची चक्की चालवणारा वीरभद्रप्पा सगळ्या गोष्टींवर मत देई. त्यानं ही बिनभोपळ्याची सतार असून ती गरीब लोकांची असावी, असा निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी रत्नम्मा झाडलोट करताना ती उचलून फळीवर ठेवायला स्टुलावर चढली. गिटार छातीशी धरलेली, हनुवटी तिच्या लाकडी कडेवर टेकलेली. चढताना बांगड्या तारांवर घासल्या. रत्नम्मा स्टुलावरच थांबली. तिला चक्कर आली असं वाटून चन्नवीर धावला, तर ती मुद्दाम बांगड्या पुन्हा तारांवरून फिरवत होती.

"आत वाजतंय," ती म्हणाली आणि जबड्याला बोट लावलं. "हितं. कानात न्हाय, हाडात."

त्या दिवशी घरात दोन भाकरी करपल्या आणि तिसरी थापलीच गेली नाही. रत्नम्मा हनुवटी टेकून एकेक तार छेडत बसली होती. गार्डसाहेब गिटार न्यायला आले तेव्हा तिनं ती निमूट दिली. पण पुढचे कितीतरी दिवस ती दिसेल त्याला हनुवटी लावून बघायची. रांजणाला लावली, चौकटीला लावली, एकदा गोजाबाईच्या शेळीच्या शिंगालाही लावली. शेळी ओरडली ती स्वच्छ ऐकू आली म्हणून ती दिवसभर खूश होती. मठातल्या एकतारीला हनुवटी लावू देता का म्हणून चन्नवीर विचारून आला, पण स्वामींना ते पटलं नाही. त्यांचंही बरोबरच होतं. शिवाय एका तारेवर जोगुळाची चाल बसवायची कशी, हा प्रश्न उरलाच असता.

चन्नवीरच्या मनात विचार पक्का झाला. हनुवटीखाली हे वाद्य असलं तर रत्नम्माला सूर सापडेल, आणि सूर सापडला तर ती गाईल. गार्डसाहेब म्हणाले, गिटार मुंबईत मिळते. मिळण्यात चन्नवीरला रस नव्हता.

साहेबांच्या मंडळीची परवानगी घेऊन तो रेल्वेच्या चाळीत गेला आणि गिटारीची मापं दोरीला गाठी मारमारून घेऊन आला. तिच्या भोकातून आरसा घालून आतही बघितलं. आत लाकडाच्या फासळ्या होत्या, हे पाहून त्याला ती एकदम घरची वाटायला लागली. सगळं नीट होतं, फक्त एक गोष्ट त्याला खुपली. मानेवर ज्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, ज्यांच्यामागे बोट दाबलं की सूर बदलतो, त्या वेड्यावाकड्या अंतरावर होत्या. सुरुवातीच्या दोन पट्ट्यांत दोन बोटं आरामात मावत होती, आणि भोकाकडे येईतो करंगळीची पंचाईत. चन्नवीरनं ओळखलं, हे शिकाऊ पोराचं काम. पोरानं सुरुवातीला हात सैल सोडला आणि पुढं जागा पुरेना तसं कोंबत नेलं. गिरणीत असले चार शिकाऊ त्यानं पाहिले होते. साहेबाच्या देशातही ते असतात हे कळून त्याला जरा बरंच वाटलं. गार्डसाहेब गाडीवर होते, नाहीतर त्यांनी तिथंच त्याचे कान उपटले असते.

पहिली गिटार सागवानाची झाली. तिच्यावर उभं राहून माळ्यावरचं सामान काढता येई, पण तार छेडली तर आवाज येत नसे. ती अजून त्या घरात स्टूल म्हणून आहे. दुसरीला सरस लावायची वेळ आली तेव्हा रत्नम्मानं तो कशाचा करतात ते विचारलं, आणि जनावराच्या कातड्याचा हे कळल्यावर भांडं उंबऱ्याबाहेर ठेवायला लावलं. लिंगायताच्या घरात ते शिजणार नव्हतं. मग चन्नवीरनं चिंचोक्यांची खळ केली. गिटार सुंदर चिकटली. ओट्यावर वाळत ठेवली तर गोजाबाईच्या शेळीनं चाटून चाटून तिचे सगळे सांधे मोकळे केले. शेवटी सरस गिरणीत शिजला आणि त्याचं नाव घरी कुणी काढलं नाही.

तिसरीसाठी त्यानं लाकूडच बदललं. गिरणीचे यंत्रभाग विलायतेहून हलक्या पांढऱ्या लाकडाच्या खोक्यांत येत. त्या फळ्या रंधून रंधून त्यानं पापडाएवढ्या पातळ केल्या, आणि टिचकी मारली तर त्या बोलल्या. बाजूच्या पट्ट्या वाकवायला तापलेलं धातूचं अंग लागतं, म्हणून सकाळी न्हाणीतला बंब पेटला की ओल्या पट्ट्या घेऊन तो बंबाला मिठी मारून बसे. घरातल्यांची आंघोळ दुपारवर गेली. सुंदरम्मा याच दिवसांत बाळंत झाली, मुलगी झाली, आणि बाळंतिणीच्या पाण्यासाठी सुईण न्हाणीच्या दाराशी घागर घेऊन उभी असताना हा आतून सांगत होता, की आत्ता सोडलं तर लाकूड परत सरळ होईल. सुईणीनं त्याला जे ऐकवलं ते रत्नम्माला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. ती पोट धरून हसली.

मानेवरच्या आडव्या पट्ट्या बसवायला त्यानं फणीचंच अवजार घेतलं. पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत सारखं अंतर, तीनदा मोजून, केसाचा फरक नाही. विलायतेच्या शिकाऊ पोराची चूक सोलापुरात दुरुस्त झाली, असं तो गिरणीत सांगून आला. बाळ आठ दिवसांचं झालं तेव्हा सतारीच्या तारा चढल्या. गल्ली जमली. वीरभद्रप्पानं आवाज लई गोड हाय असा निर्वाळा दिला. इथं सांगून टाकायला हवं, की चन्नवीरला स्वतःला सुरातलं काही कळत नव्हतं. भोंगा कोणता आणि आरती कोणती हे तो वेळेवरून ओळखी.

रत्नम्मानं दार लोटून घेतलं, हनुवटी टेकली, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं. कुठल्या पट्टीनंतर कोणती हे ती बोटानं दाखवी, चन्नवीर तसं दाबी. पहिला सूर जुळला. दुसऱ्याला ती अडखळली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळली. हनुवटी इतकी घट्ट दाबली की लाकडाचा वळ उठला. चौथ्या खेपेला तिनं मान वर केली.

"कान गेले तरी सूर आत हाय असं वाटत हुतं मला," ती म्हणाली. "तो बी गेलाय की."

चन्नवीरला काहीतरी बोलायचं होतं. पण पट्ट्या त्यानं तीनदा मोजल्या होत्या. त्या चुकीच्या असतील हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही, आणि पट्ट्या बरोबर म्हणजे चुकली ती रत्नम्माच. तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याची त्याला पुढं जन्मभर लाज वाटली. रत्नम्मा उठली आणि उद्यापासून गोजाबाईला जोगुळाचे शब्द पाठ करायला बसवायचं, असं लेकीला सांगून चुलीपाशी गेली.

ती गिटार घरात दिसू नये म्हणून चन्नवीरनं दुसऱ्या दिवशी गिरणी सुटल्यावर गार्डसाहेबांकडे नेली. ठेवा तुमच्याकडे, म्हणाला. साहेबांनी कौतुकानं उलटसुलट बघितली, मोकळी तार छेडून मान डोलावली, आणि मग बोटं दाबून काही वाजवायला गेले तर लिंबू चावल्यासारखं तोंड केलं. मग आपली गिटार काढून त्यांनी तेच तिच्यावर वाजवून दाखवलं. फरक चन्नवीरलासुद्धा कळला. पट्ट्या अशा कुणी लावल्या, असं विचारल्यावर त्यानं शिकाऊ पोराची हकीकत आणि आपण केलेली दुरुस्ती सविस्तर सांगितली. गार्डसाहेब हसता हसता आपल्या कंदिलाच्या पेटीवर बसले. मग डोळे पुसून त्यांनी समजावलं, की बोट जसजसं पुढं जातं तशी तार आखूड होते, आणि आखूड तारेवर पावलंही आखूड टाकावी लागतात. जगातल्या सगळ्या गिटारी अशाच असतात. याच्या गिटारीची दोन टोकं तेवढी खरी होती, मधले सगळे सूर उतरलेले होते.

चन्नवीर हसला नाही. त्यानं एकच विचारलं, गाणारी सुरात असली तर हिच्यावर तिला आपणच चुकतोय असं वाटेल का? वाटणारच, साहेब म्हणाले. तो गिटार काखोटीला मारून निघाला आणि वहाणा तिथंच राहिल्या.

गल्लीत संध्याकाळची वर्दळ होती. रत्नम्मा ओट्यावर गोजाबाईबरोबर हरभरे निवडत होती, वीरभद्रप्पा चक्कीच्या दारात उभा होता. कानात हळूच सांगून चालण्यासारखं माणूस नव्हतं ते. बायकोपाशी चूक कबूल करायची तर ती ओरडूनच करावी लागणार होती.

"तुझा सूर बरोबर हाय," चन्नवीर ओरडला. "मी चुकलो. पट्ट्या चुकल्या माझ्या."

रत्नम्मानं कानामागे हात धरून काय म्हणून विचारलं. त्यानं आणखी मोठ्यानं सांगितलं. तिला तेही ऐकू गेलं नाही. तिसऱ्या खेपेला पलीकडच्या गल्लीतली माणसं बाहेर आली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं तेव्हा कुठं चन्नवीरच्या लक्षात आलं, की हिला पहिल्याच वेळी सगळं कळलं होतं. वीरभद्रप्पानं मिशीची चौकशी केली. ती पैज फणीपुरती होती, असं चन्नवीरनं त्याला सांगितलं.

साहेबांच्या गिटारीवरून मापं घेणं सोपं होतं. चन्नवीरनं ती घेतली नाहीत. त्यानं सगळ्या पट्ट्या उपटल्या, त्यांच्या जागी बांबूच्या कामट्या मेण लावलेल्या सुतानं सैल बांधल्या, आणि गिटार बायकोसमोर धरली. "तू सांगशील तितं पट्टी," तो म्हणाला. रत्नम्मानं डोळे मिटले, हनुवटी टेकली, आतल्या आत सूर धरला. तो कामटी सरकवत जाई. ती बोट उचले तिथं थांबे. कुठं ती केसभर मागं म्हणे, कुठं अर्धा केस पुढं, आणि केसाची भाषा तिच्याकडून ऐकायला त्याला बरं वाटे. बाळाच्या दुधाच्या, पाण्याच्या आणि झोपेच्या वेळा सांभाळत या कामाला दोन दिवस लागले. पट्ट्या कायमच्या बसल्या तेव्हा त्या भोकाकडे दाटत गेल्या होत्या. फणी करणाऱ्या डोळ्यांना ते बघवेना, म्हणून वाजवायची नसली की तो गिटार पालथी ठेवी. वहाणा आणायला गेला तेव्हा त्यानं साहेबांच्या गिटारीशी ती ताडून पाहिली. दोन पट्ट्या सोडल्या तर सगळ्या जुळल्या. त्या दोन जरा सरकवा, साहेब म्हणाले. चन्नवीर म्हणाला, न्हाय, त्या तिच्या हायत.

तेराव्या दिवशी घर बायकांनी भरलं. बाप्ये सगळे ओट्यावर, आणि आत पाळण्याशेजारी पंचवीस बायकांच्या घोळक्यात एकटा चन्नवीर, फेटा बांधून, मांडीवर गिटार घेऊन, खाली मान घालून बसलेला. रत्नम्मा त्याला खेटून बसली आणि सगळ्यांदेखत नवऱ्याच्या मांडीवरच्या लाकडावर हनुवटी टेकवली. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. गोजाबाई शब्द पाठ करून तयारीतच होती. चन्नवीरनं तार छेडली.

पहिलं कडवं रत्नम्मानं जपून म्हटलं, अंगणातल्या ओल्या फरशीवरून चालावं तसं. दुसऱ्याला तिचा आवाज मोकळा झाला. तिसऱ्याला पुढ्यातल्या बायका तिच्या मागून म्हणायला लागल्या, आणि तेव्हा पाळण्याची दोरी सुंदरम्माच्या हातातून सुटली, ती गोजाबाईनं धरली. सहावं कडवं संपलं. अक्कलकोटहून आलेली आत्या बाळाच्या कानाशी वाकली. सातव्या कडव्याऐवजी रत्नम्मानं पुन्हा पहिलं सुरू केलं. आत्या उभी राहिली. सहा कडवी पुन्हा झाली, आत्या पुन्हा वाकली, आणि रत्नम्मा दुसऱ्याच जोगुळात शिरली, मग तिसऱ्यात. पाच वर्षांचं सगळं तुंबलेलं होतं. घुगऱ्या गार झाल्या. बाळ नाव मिळायची वाट न बघता झोपून गेलं. आत्यानं कमरेवर हात ठेवून चन्नवीरला खूण केली, की आता आवरा.

रत्नम्माचे डोळे मिटलेले होते. तिला ना बायकांची कुजबुज ऐकू येत होती ना आत्याची खूण दिसत होती. तिला थांबवायला काहीच लागणार नव्हतं, चन्नवीरनं तारांवरून बोटं उचलली असती की ती थांबली असती. सतारीच्या तारांनी त्याची बोटं चिरली होती आणि पट्ट्यांवर रक्ताचे ठिपके पडले होते. आत्यानं पुन्हा खूण केली. चन्नवीरनं ती बघितली, मान खाली घातली, आणि बोटं उचलली नाहीत.